पाकट : तळाशी राहणारा मासा

वर्धा नदीच्या काठी, संत्र्याच्या बागांच्या मुलखात, समुद्रातल्या एका माशावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मोर्शीहून पूर्वेस जा की पश्चिमेस जा, खारे पाणी दिसायला एक रात्र प्रवासात काढावीच लागते. आमच्याविषयी सांगायचे तर आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते वाचनालयातील पुस्तकांतून, आणि कामानिमित्त बंदरांवर जाणे झाले तेव्हा खलाशांच्या व कोळणींच्या तोंडून. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. पाकट नीट समजून घेतला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्याला आपण भयंकर समजतो तो प्राणी पुष्कळदा स्वतःचा बचाव तेवढा करीत असतो, ही एक. जो सावकाश वाढतो आणि थोडी पिल्ले देतो तो पाहता पाहता संपू शकतो, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी नुसत्या माशापुरत्या नाहीत. त्या माशावर पोट असणाऱ्या माणसांशीही त्यांचा संबंध पोहोचतो.

आणि समुद्र आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. मुलताईच्या डोंगरात उगम पावलेली वर्धा सिंभोऱ्याच्या धरणात अडते. त्या जलाशयाला आपण नल-दमयंती सागर म्हणतो. तेथून सुटलेले पाणी खाली जाऊन वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ कालेश्वरमला ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून काकिनाड्याच्या बाजूस बंगालच्या उपसागराला मिळते. त्या मुखाशी, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या भेटीच्या जागी, तिवरांच्या झाडीलगतच्या चिखलात पाकट चरायला येतात. आपल्या पाण्याचा शेवटचा मुक्काम तेथे आहे.

दुसरा दुवा याहून जुना. वर्धा-प्राणहितेच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या आसिफाबादजवळ, काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात एका प्राचीन माशाचे चपटे दात मिळाले. त्या माशाच्या जातीचे वर्णन १९९३ साली प्रसाद आणि कापेता या दोघा शास्त्रज्ञांनी केले. तो पाकटाच्याच गोतातला, 'इग्डाबॅटिस' या नावाचा. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला, तो रस वाहत होता त्या काळातला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव. जमिनीवरचे महाकाय सरडे गेले. पाकटाचे कुळ मात्र टिकले. इतका दीर्घ काळ टिकलेल्या प्राण्याची राहणी कशी आहे, हे पाहणे मनोरंजक ठरेल.

रूप आणि ठेवण

पाकट म्हणजे मुशीचा, ज्याला इंग्रजीत शार्क म्हणतात त्याचा, चुलत भाऊ. रोहू-कटल्याच्या अंगात जशी हाडे असतात तशी याच्या अंगात नसतात. सांगाडा सगळा कूर्चेचा, आपल्या कानात असते तशा लवचिक पदार्थाचा. मुशीला वरून दाबून भाकरीसारखी चपटी केली, तिचे दोन्ही बाजूंचे पर डोक्याला जोडून टाकले, आणि मागे चाबकासारखी शेपटी ठेवली, म्हणजे पाकटाचा आकार मनात येईल. कोकणपट्टीवर याला कोठे पाकट, कोठे वागळी म्हणतात.

चिखलावर पोट टेकून राहायचे म्हटल्यावर शरीराची मांडणीही तशीच हवी. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली, श्वासाच्या पाच जोड्या फटीही पोटाखाली. इतर मासे तोंडाने पाणी घेतात आणि कल्ल्यांवाटे सोडतात. पाकटाने तसे केले तर पाण्याबरोबर चिखलही आत जाईल. म्हणून त्याच्या प्रत्येक डोळ्यामागे एक भोक असते. तो वरचे स्वच्छ पाणी त्या भोकातून आत घेतो आणि खालच्या फटींतून बाहेर टाकतो. परांच्या फडफडीने थोडी वाळू अंगावर ओढून घेतली, की डोळे आणि ही दोन भोके एवढीच उघडी राहतात. मग जवळून गेलेल्या माणसालाही तेथे मासा आहे याचा पत्ता लागत नाही.

पाकटांच्या जाती पुष्कळ आहेत. कोणाचे अंग वीतभर रुंद, तर कोणाचे खाटेपेक्षा मोठे. २०२२ च्या जून महिन्यात कंबोडियात मेकाँग नदीत कोळ्यांना ३०० किलो वजनाचा, शेपटीसह सुमारे चार मीटर लांबीचा पाकट मिळाला. गोड्या पाण्यात मिळालेला, ज्याचे वजन नोंदले गेले आहे असा तो सर्वांत मोठा मासा. त्याला मोजून, खूण बांधून पुन्हा नदीत सोडण्यात आले. आपल्या गंगेतही पाकट आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ छापला, त्यात त्याचे वर्णन आहे.

गायशेपटी पाकट

आज आपल्याला विशेषेकरून ज्याची ओळख करून घ्यायची तो पाकट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळतो. त्याच्या शेपटीला खालच्या अंगाने रुंद कातडी पडदा असतो. पोहताना तो पडदा झेंड्यासारखा दिसतो, आणि दुरून पाहिले तर गाईच्या शेपटीच्या गोंड्याची आठवण होते. इंग्रजीत त्याला गायशेपटीच म्हणतात. शास्त्रीय नाव 'पास्टिनॅकस सेफेन'. मोठ्या पाकटाची रुंदी पाच-सहा फुटांपर्यंत जाते. पाठ तपकिरी-करडी, पोट पांढरे.

'सेफेन' हा शब्द अरबी कोळ्यांचा. तो शास्त्रात कसा आला याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात विद्वानांची एक तुकडी पाठवली. तीत पीटर फोर्स्कोल नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता, प्रख्यात लिनियसचा शिष्य. तांबड्या समुद्राच्या काठी तो कोळ्यांबरोबर फिरला, त्यांनी सांगितलेली नावे लिहून घेतली, मासे वाळवून कागदावर चिकटवले. १७६३ साली येमेनमध्ये तापाने त्याचा अंत झाला. एकामागून एक सगळेच गेले. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. हा नीबूर त्याच वर्षी मुंबईस आला, तेथे वर्षभराहून अधिक राहिला, घारापुरीची लेणी त्याने मोजली आणि चितारली. घरी परतल्यावर १७७५ साली त्याने आपल्या मृत मित्राची टिपणे छापून काढली. त्या पुस्तकात 'सेफेन' आहे. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा अरबी कोळ्यांचा एक शब्द अशा रीतीने जगभरच्या शास्त्राचा झाला. पूर्वी तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे सगळे गायशेपटी पाकट एकच समजत. आता त्यांच्या वेगवेगळ्या जाती मानल्या जातात.

या पाकटाच्या कातड्याला एके काळी फार मोल होते. पाठीच्या मधोमध मोत्यासारखे कठीण दाणे घट्ट बसवलेले असतात. जपानात तलवारीची मूठ घामाने घसरू नये म्हणून तिच्यावर पाकटाचे कातडे चढवीत. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या काळी गालुशा नावाच्या कारागिराने हे कातडे घासून, रंगवून डब्या आणि म्याने मढवली. तेथे या कातड्याला त्याचेच नाव पडले.

राहण्याची जागा आणि पोटापाण्याची रीत

गायशेपटी पाकट किनाऱ्याजवळच्या पाण्यात, खाडीत, तिवरांच्या आसपास, वाळूच्या आणि चिखलाच्या तळावर राहतो. भरतीबरोबर उथळ भागात चरायला येतो आणि ओहोटीबरोबर मागे सरतो. त्याचे खाणे म्हणजे खेकडे, कोळंबी, शिंपले, चिखलातले किडे आणि लहान मासे. दात सुळ्यांसारखे नसून फरसबंदीसारखे एकाला एक लागून बसलेले असतात. शिंपला त्यांत सापडला की चक्कीत सापडल्याप्रमाणे फुटतो.

तोंड पोटाखाली आणि डोळे पाठीवर, म्हणजे जे खायचे ते त्याला दिसतच नाही. मग चिखलात दडलेला खेकडा त्याला सापडतो कसा? याचे उत्तर मिळायला तीनशे वर्षे लागली. १६७८ साली लॉरेन्झिनी या इटालियन शोधकाने वागळीच्या गोतातल्या एका माशाच्या तोंडाभोवती बारीक भोके पाहिली. त्या भोकांच्या आत चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या होत्या. त्या कशासाठी हे त्याला कळले नाही. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगाभोवती अत्यंत क्षीण अशी वीज असते, आणि ती या नळ्यांना जाणवते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. काल्माइन या डच शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे. त्याने टाकीच्या वाळूत मासा न पुरता विजेच्या तारांची टोके पुरली आणि माशाच्या अंगाइतकीच वीज सोडली. मुशी आणि वागळी त्या टोकांवर तुटून पडल्या. आपल्याला दिवसाउजेडी जे दिसत नाही ते पाकटाला अंधारात, चिखलाखाली कळते.

एकदा खाणे कळले की तो पर फडफडवून आणि तोंडाने पाणी मारून खड्डा करतो. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या वाळूवर असे वाटोळे खड्डे दिसतात. आपल्या शेतकऱ्यांना हे लगेच समजेल. वखराने माती उलटीपालटी झाली म्हणजे तिला हवा लागते आणि खालचे वर येते. तळाच्या चिखलाचे तेच काम पाकट करतो. त्याने उकरलेल्या खड्ड्यांपाशी लहान मासे आणि खेकडे आपापला घास शोधायला येतात. पाकट नाहीसे झाले तर एक मासा तेवढा कमी होणार नाही. समुद्राच्या तळाची मशागतही थांबेल.

शत्रू त्यालाही आहेत. मोठ्या मुशी त्याला खातात, विशेषतः कानमुशी, जिचे डोके हातोड्यासारखे असते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे या उपसागरात सेमेनियुक आणि डिल या दोघांनी विश्रांती घेणाऱ्या गायशेपटी पाकटांचे निरीक्षण केले. त्यांनी ते २००५ व २००६ साली प्रसिद्ध केले. ती जात त्या वेळी याच नावाने ओळखली जाई. आता ती सख्खी बहीण-जात मानतात. पाणी स्वच्छ असेल तेव्हा पाकट एकेकटे निजतात. पाणी गढूळ असेल, शत्रू लवकर दिसणार नाही, अशा वेळी ते एकत्र येतात, डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून चाकाच्या आऱ्यांसारखे बसतात. अशा समूहाला जवळ येणाऱ्या संकटाची चाहूल एकट्यापेक्षा आधी लागते. मात्र पळताना एकमेकांच्या अडचणीने वेळ थोडा अधिक जातो. म्हणून गरज असेल तेव्हाच एकत्र यायचे. आमच्यासारख्या माणसाला येथे संघटनेवर दोन शब्द बोलण्याचा मोह होतो. पण माशाच्या तोंडी आपले भाषण घालणे बरे नव्हे. तो जीव वाचवतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

काटा

आता ज्या गोष्टीमुळे पाकट बदनाम झाला त्या काट्याकडे वळू. शेपटीवर एक, क्वचित दोन-तीन काटे असतात. काटा म्हणजे कातड्यावरच्या दाण्याचेच वाढलेले रूप. त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दाते असतात, त्यामुळे तो सहज आत जातो आणि बाहेर येताना मांस फाडतो. काट्याच्या खालच्या अंगाला दोन खाचा असतात. त्या खाचांत विष तयार करणाऱ्या पेशी असतात, आणि सगळ्यावर पातळ कातडीचे वेष्टन. काटा रुतला की वेष्टन फाटते आणि विष जखमेत उतरते. जुना काटा झिजला किंवा मोडला तर नवा येतो. इतर बऱ्याच पाकटांचा काटा शेपटीच्या बुडाजवळ असतो. गायशेपटीचा मात्र बराच मागे असतो, म्हणून त्याचा टप्पाही लांब पोहोचतो. पकडलेला गायशेपटी हाताळताना खलाशी जपून असतात ते यासाठी.

परंतु हे लक्षात ठेवले पाहिजे की पाकट या काट्याने शिकार करीत नाही. त्याची शिकार म्हणजे खेकडे आणि शिंपले. त्यांच्यासाठी विषाची गरज नाही. काटा फक्त बचावासाठी. वरून दाब आला, पाय पडला, तर शेपटी उसळून वर येते. कोणी चालून आला तर पाकटाची पहिली धडपड निसटून जाण्याची असते. होमराच्या काव्यातला ओडिसियस शेवटी पाकटाचा काटा लावलेल्या भाल्याने मेला, अशी ग्रीकांत एक दंतकथा आहे. अलीकडच्या काळात, ४ सप्टेंबर २००६ रोजी, प्राण्यांवरील चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन यांना छातीत काटा घुसून मरण आले. त्या बातमीने जगभर पाकटाची दहशत बसली. वास्तविक असे मृत्यू फार विरळा. बहुतेक जखमा पायाच्या घोट्याला किंवा हाताला होतात, आणि त्या होतात काम करणाऱ्या माणसांना.

आमचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले ते येथेच. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण नावाचे लांबलचक जाळे घालतात. होडीने अर्धवर्तुळ करून जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके पुष्कळ माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. ओढणाऱ्यांचे पाय उथळ पाण्यात, उघडे. ट्रॉलरवर जाळे रिकामे झाले की खलाशी ढिगात हात घालून मासे निवडतात. बंदरावर बायका टोपल्या उचलतात. काटा लागायचा तो या लोकांना. कारखान्यात यंत्रात बोट गेले तर निदान अपघाताची नोंद होते. होडीवर काटा लागला तर तो नशिबाचा भाग समजला जातो, आणि दुसऱ्या दिवसाचा वाटा बुडतो तो वेगळाच.

म्हणून उपाय सर्वांस ठाऊक असावा. पाकटाचे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. जखम धुवून, तो अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना पुष्कळ कमी होतात. पाणी उकळते नसावे. दुसऱ्या माणसाने आधी हात घालून पाहावे, कारण ठणक्याने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचे कळत नाही. त्यानंतर डॉक्टरकडे जाणे चुकवू नये. काट्याचे तुकडे आत राहून जखम चिघळते, आणि धनुर्वाताची सुईही घ्यावी लागते. काटा छातीत, पोटात किंवा गळ्यात रुतला असेल तर तो उपटू नये; तसाच ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. उथळ समुद्रात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्यावा. धक्का लागताच पाकट स्वतः निघून जातो. आपल्याकडे विंचवाच्या दंशाने माणसे मरत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी साध्या, स्वस्त औषधाने ते मरण पुष्कळ कमी करता येते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. पाकटाच्या काट्याला ते औषध लागू नाही. पण दंश नशिबावर न सोडता समजून घ्यावा, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

पिल्ले

काट्याने पाकटाला मुशीपासून वाचवले. ज्या गोष्टीपासून काटा वाचवू शकत नाही तिच्याकडे जाण्यापूर्वी त्याच्या जन्माची रीत पाहू.

आपल्या धरणात सोडतात त्या रोहू-कटल्याची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. त्यांतली बहुतेक नष्ट होतात, थोडी जगतात, तरी तळे भरते. पाकटाचे याच्या उलट. तो अंडी बाहेर टाकत नाही. पिल्ले आईच्या पोटात कित्येक महिने वाढतात. सुरुवातीस अंड्याच्या बलकावर, आणि तो संपल्यावर गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या पौष्टिक द्रवावर. या 'गर्भाशयाच्या दुधा'चा एक महत्त्वाचा शोध आपल्याच समुद्रातला आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे वुड-मेसन आणि 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर आल्कॉक यांनी १८९१ साली, फुलपाखरासारख्या रुंद परांच्या एका वागळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला दोऱ्यासारखे लांब तंतू असतात, आणि ते पिल्लाच्या डोळ्यामागच्या भोकांतून थेट त्याच्या घशात शिरतात, असे त्यांनी दाखवले. गाईने वासराला पाजावे तसे ही आई पिल्लाला पोटातच पाजते.

असे पिल्लू जन्मतःच पूर्ण घडलेले असते. मऊ काट्यासह स्वतः पोहत निघते. पण एका खेपेस पिल्ले होतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मोठ्या जातींत तर कधी एक-दोनच. आणि ती वयात येऊन स्वतः पिल्ले देण्याला वर्षे जातात. थोडी पिल्ले, पण प्रत्येकावर आईची भरपूर गुंतवणूक, असा हा हिशेब. तो कोट्यवधी वर्षे बरोबर जुळला, कारण मोठ्या झालेल्या पाकटाला मारणारे फार थोडे होते.

जाळे

हा हिशेब ट्रॉलरच्या जाळ्याने बिघडवला. १९५३ साली केरळात नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढील दशकांत इंजिनाच्या होड्या सर्व किनाऱ्यावर पसरल्या. त्यांनी कोळंबी परदेशी जाऊ लागली, अनेक घरांत पैसा आला. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. हवी असते कोळंबी, आणि येते ते तळावरचे सगळे. तळाशी अंग दडवून निश्चल राहणे हीच ज्याची बचावाची रीत, त्याची जाळ्यासमोर दैना होणारच. शिवाय जाळ्याच्या बारीक डोळ्यांतून पिल्लूही सुटत नाही. रोहूची तूट एका पावसाळ्यात भरून निघते. पाकटाची भरून निघायला पिढ्या लागतात.

जगभरच्या तज्ज्ञांनी मुशी, पाकट आणि त्यांच्या नातलगांच्या सगळ्या जातींचा आढावा घेतला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक तृतीयांशाहून अधिक जाती नाहीशा होण्याच्या धोक्यात आहेत, असा त्याचा निष्कर्ष. आणि कारणांत पहिले, अतिमासेमारी. आपल्या देशात २००१ साली वन्यजीव कायद्याखाली काही मुशी व पाकटांना संरक्षण मिळाले. त्यांत गंगेतला पाकटही होता. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, आणि पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याची रीत आहे. कायदे आहेत हे चांगले. पण रात्री तीन वाजता, किनाऱ्यापासून दूर, जाळे रिकामे करणारा खलाशी जे करील तेच शेवटी खरे. त्याची कमाई वाट्यावर. टोपली हलकी झाली तर त्याचा वाटा हलका होतो. त्याला 'हा मासा सोड' म्हणून सांगायचे आणि वाट्याची सोय लावायची नाही, हे न्यायाचे नाही आणि ते टिकतही नाही.

हे बोलणे हवेतले नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्क हा अवाढव्य, निरुपद्रवी मासा मारीत. २००४ च्या सुमारास तेथे प्रबोधनाची मोहीम झाली, मोरारीबापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि जाळे कापून मासा सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. त्याच कोळ्यांनी शेकडो मासे सोडले. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये, संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. तत्त्व सरळ आहे. निसर्ग वाचवण्याचा खर्च ज्याच्या खिशात सर्वांत कमी आहे त्याच्या माथी मारू नये. सर्वांनी वाटून घ्यावा. मग तोच माणूस राखणदार होतो. ही रीत कायद्याच्या यादीत नसलेल्या पाकटांपर्यंत, निदान पोटुशी मादी आणि पिल्ले यांच्यापर्यंत, पोहोचवता येण्यासारखी आहे. जाळ्याचे डोळे मोठे ठेवणे, पिल्ले वाढतात त्या खाड्यांत ठरावीक काळ ट्रॉलर न नेणे, जिवंत पिल्लू तत्काळ पाण्यात परत सोडणे, हे उपाय साधे आहेत. मात्र ते ठरवताना होडीच्या मालकाबरोबर खलाशी आणि कोळीणही बैठकीत असली पाहिजे.

आता आपले काम काय? मोर्शीचा माणूस जाळे टाकत नाही. पण नदी अडवणारे आपण आहोत. गोदावरीच्या खोऱ्यात धरणे झाली. त्यांनी आपली शेते भिजवली, घागरी भरल्या. त्याच धरणांत गाळही अडला, आणि मुखाशी पोहोचणारा गाळ घटला. ज्या चिखलावर तिवरे उगवतात आणि पाकट चरतात, तो चिखल वरच्या मुलखातूनच जातो. धरणे पाडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पाणी वाटपाचा विचार करताना 'समुद्राला मिळणारे पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी' हे वाक्य आपण सहज बोलतो, ते यापुढे विचार करून बोलावे. नदीच्या मुखाशीही तिच्या पाण्याचे गिऱ्हाईक आहेत.

दुसरे काम याहून सोपे. आपल्यापैकी कोणी कोकणात सहलीस गेले, तर बाजारात पाकट दिसेल. वीतभर रुंदीचे पिल्लूही दिसेल. ते विकत घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या बाईला नीट, मान राखून सांगावे. तिला ते आपल्यापेक्षा अधिक कळते. पूर्वी केवढे पाकट येत आणि आता केवढे येतात, हे ती स्वतःच सांगेल. मुलांना वाळूतले वाटोळे खड्डे दाखवावेत आणि ते कोणी केले ते सांगावे. पाण्यात पाय घासत चालायला शिकवावे. माणूस आणि पाकट दोघेही त्याने सुखरूप राहतात.